बॅटरीचं पाणी

त्याच्या सदऱ्याची भोकं मी एकदा मोजली होती. समोरच्या बाजूला एक्केचाळीस निघाली. पाठीकडची राहिली, कारण तो वळायला तयार नव्हता.

"काऊन मोजून राह्यला, बाबू? बायकोकडून ठिगळं लावून आणतो का?"

"माझं लग्न व्हायचंय अजून."

"मंग तोवर भोकंच मोज."

ही भोकं तेजाबाची. मोटारीच्या बॅटरीत तेजाब असतं, आणि हा माणूस आमच्या मोटर कंपनीचा वायरमन होता. बसगाड्यांचे दिवे, भोंगे, डायनामो, सेल्फ, बॅटऱ्या, जे जे करंटवर चालतं ते सगळं बसवणं आणि दुरुस्त करणं त्याच्याकडे. तेजाबाचा थेंब कापडावर उडाला की त्या दिवशी काही दिसत नाही. कापड धुतलं की तिथं भोक. म्हणून मिस्त्री सदरा धूतच नाही, असं ड्रायव्हर लोक सांगत. हे खरं नाही. महिन्यातून दोनदा धुवायचा, मी पाहिलं आहे.

सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. हजेरीपटात त्याचं खरं नाव होतं, पण त्या नावानं हाक मारली तर तो दुसऱ्याच कुणाला बोलावलंय अशा चेहऱ्यानं आजूबाजूला बघायचा. म्हणून इथेही मिस्त्रीच.

मी वडशाला त्या कंपनीत टाइमकीपर होतो. गडचिरोलीचा जिल्हा तेव्हा झाला नव्हता, तो सगळा मुलूख चांद्यातच मोडायचा. कंपनीच्या बसगाड्या सात आणि बॅटऱ्या आठ, आठवी जादाची. गाड्या वडशाहून आरमोरीवरून गडचिरोलीला जात, काही कुरखेड्याकडे. कुठली गाडी किती वाजता सुटली, किती वाजता परतली हे लिहिणं माझं काम. गोदामातलं सामान मोजणं हे वरचं. मोजायची मला हौस होती. अजून आहे. आमच्या घरात चमचे किती हे मला कुणाला विचारावं लागत नाही, आणि बायकोला हे आवडत नाही.

मिस्त्री सांगायचा की तो लढाईत फौजेच्या मोटारींवर होता. दोन वर्षं ब्रह्मदेशात, तीन वर्षं इराणात, चार वर्षं कुठल्याशा वाळवंटात. मी बेरीज केली. नऊ झाली. महायुद्ध सहाच वर्षं चाललं, असं मी त्याला म्हणालो.

"तुमच्यासाठी सहा चाललं," तो म्हणाला. "आमी आधीच जाऊन बसलो होतो."

त्याच्या कामाची पहिली अट अशी की गाडीच्या मालकानं गप्प बसायचं. "मालक बोलाले लागला का गाडी बोलत नाई," म्हणायचा. एकदा जंगल खात्याच्या एका साहेबांची जीप आमच्या शेडपाशी बंद पडली. साहेब उतरले, इंजिनात डोकं घातलं आणि दोष कुठं असेल ते सांगू लागले. मिस्त्रीनं तीन मिनिटं ऐकून घेतलं. मग प्लगची वायर उपटली आणि नम्रपणे म्हणाला, "साहेब, हे टोक जरा धरता का?" साहेबांनी धरलं. मिस्त्रीनं त्यांच्या ड्रायव्हरला सेल्फ मारायची खूण केली. साहेब दोन फूट मागं गेले आणि टोपी चार फूट.

"करंट हाय," मिस्त्री म्हणाला. "म्हनजे दोष पेट्रोलमधी हाय."

आणि दोष पेट्रोलमध्येच होता. टाकीत पाणी निघालं. साहेबांना रागवायलाही जागा राहिली नाही.

करंट हा त्याच्या मते एखाद्या आळशी जावयासारखा होता. जवळची वाट दिसली की तिकडेच वळणार, मग तिथं काम असो वा नसो. शॉर्ट सर्किट म्हणजे काय हे मला त्या एका वाक्यात समजलं. शाळेत दोन वर्षांत समजलं नव्हतं.

पण त्याची खरी करामत जिभेत होती. कंपनीकडे व्होल्ट मोजायचं मीटर एकच, तेही आमच्या मालकाच्या, शेठच्या कपाटात. मिस्त्री तारेची दोन टोकं जिभेला लावायचा, डोळे मिटायचा आणि आकडा सांगायचा. "अकरा." "साडेअकरा." मला हे पटेना. मी शेठकडून मीटर मागून आणलं आणि नऊ वेळा पडताळा घेतला. आठ वेळा अर्ध्या व्होल्टाच्या आत बरोबर. नवव्या वेळी चूक निघाली ती मीटरची, असं तो म्हणाला, आणि पुढच्या महिन्यात मीटर खरोखरच बिघडलेलं सापडलं.

पाण्याचंही तसंच. घोटभर पाणी तोंडात घ्यायचा, तसंच धरायचा आणि मग ते कुठल्या विहिरीचं हे सांगायचा. मी घड्याळ लावून बसलो तेव्हा दर वेळी वीस आकडे मोजून व्हायचे. वीस झाले की थुंकायचा. गिळायचा कधीच नाही. "तपासाचं पानी पेवाचं नसते," म्हणायचा. दारूला तो शिवत नसे, पण त्यात धर्म वगैरे काही नव्हता.

"जीभ माहं मीटर हाय. मीटरले दारू पाजते का कोनी?"

आठ बॅटऱ्यांना तो म्हशी म्हणायचा. मी त्यांच्यावर चुन्यानं एक ते आठ आकडे घातले होते. तो त्या आकड्यांकडे बघायचासुद्धा नाही. त्याच्याकडे लंगडी होती, मारकी होती, चांदी होती. सगळ्यांत लाडकी म्हातारी. आमच्या रस्त्यांवर बॅटरी दोन हंगाम टिकली तर शेठ पेढे वाटायच्या बेतात येत. म्हातारीचे पाच हंगाम झाले होते. मिस्त्रीनं तिच्या शिशाच्या पट्ट्या दोनदा काढून, धुऊन, सांधून परत बसवल्या होत्या. वडसा ते गडचिरोली या पट्ट्यात त्याला जो काही मान होता तो म्हातारीमुळे. गोंदियाकडचे ट्रकवालेही येऊन तिला बघून जात.

मोटारीच्या बॅटरीतलं पाणी उन्हानं आणि चार्जिंगनं उडतं, ते सारखं भरावं लागतं. आणि साधं पाणी चालत नाही, वाफेचं गाळलेलंच लागतं. ते नागपूरहून छोट्या लाइनच्या रेल्वेगाडीनं यायचं, काचेच्या मोठ्या बरण्यांतून. पाच बरण्या निघाल्या की वडशाला तीन पोचायच्या. मग ड्रायव्हर मधेच नाल्याचं पाणी ओतून मोकळे व्हायचे. मिस्त्री बुचाखालचा ओलावा बोटानं जिभेला लावायचा आणि ओरडायचा, "या म्हशीले नाल्याचं पानी कोनं पाजलं?" ज्यानं पाजलं असेल त्याला तो बॅटरीसमोर कान धरून उभा करायचा. मिशीवाले, सहा फुटी ड्रायव्हर. आणि ते उभे राहायचे.

शेवटी त्यानं ठरवलं, पाणी आपणच गाळायचं. पण कशात? लोखंडाचा डबा चालत नाही, त्याचा अंश पाण्यात उतरतो आणि बॅटरी खातो. तांब्याची नळी चालत नाही, तेच कारण. राहिलं मातीचं मडकं आणि वेळूची नळी. आता मातीचं मडकं, वर पालथं मडकं, वेळूची नळी आणि पलीकडे गार पाण्यात ठेवलेलं तिसरं मडकं, हे यंत्र आमच्या भागात नवं शोधायची गरज नव्हती. मोहाची दारू त्यातच गाळतात. आमच्या शेडमागं नाला होता. नाल्यापलीकडे सहा घरांची वस्ती, आणि पहिल्याच घरात सोनाबाई राहायची. तिच्या हातची मोहाची दारू आरमोरीपर्यंत प्रसिद्ध होती, आणि पोलीस जमादारापर्यंतही.

सोनाबाई पन्नाशीची असेल. शिव्या गोंडीत द्यायची आणि टोमणे मराठीत मारायची, म्हणजे टोमणे आम्हाला कळावेत. मिस्त्री तिच्याकडे मडक्यांची मांडणी शिकायला गेला तेव्हा मी सोबत होतो.

"काय गाळतं यात?" तिनं विचारलं.

"पानी."

"पानी टाकून काय काढतं?"

"पानी."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तिनं कपाळावर हात मारला. "अख्खं लाकूड जाळून पानीचं पानीच करून राह्यला? मंग मिळवलं काय रे, मिस्त्री?"

"तुले नाई समजनार."

"मले समजते. मोहफुलं महाग झाली असन."

पण तिनं शिकवलं. मडक्यांच्या सांध्याला कुठली माती लावायची, जाळ किती ठेवायचा, नळीला उतार किती द्यायचा. मिस्त्रीनं नवी मडकी आणली आणि नाल्याकाठी भर दिवसा भट्टी लावली. दोन दिवसांत सगळ्या वडशात बातमी, की मोटर कंपनी दारू गाळते. शेठ स्वतः आले. पेलाभर मागून घेतलं, एका दमात प्याले. त्यांच्या चेहऱ्यावर आली तेवढी निराशा मी नंतर फक्त शाळेच्या निकालाच्या दिवशी आमच्या मुलांच्या चेहऱ्यांवर पाहिली.

गाळलेल्या पाण्यासाठी बाटल्या मी पुरवल्या. रिकाम्या, सगळ्या एका मापाच्या आणि एका रंगाच्या. वेगवेगळ्या असल्या तर मोजायला त्रास होतो. सोनाबाईनंही मागितल्या, तिलाही त्यातल्याच डझनभर दिल्या. चारोळ्या देऊन गेली. मला तो चोख व्यवहार वाटला. दोघांच्या बाटल्या हुबेहूब एकसारख्या झाल्या ही गोष्ट मला तेव्हा व्यवस्थितपणाची वाटली होती.

पावसाळ्यात आमचे रस्ते बंद असत. नाल्यांवर पूल नव्हते, गाड्या चार महिने शेडमध्ये उभ्या. दिवाळी झाली की रस्ते उघडायचे, आणि पहिल्याच दिवशी सगळ्या गाड्या सुटल्या पाहिजेत असा दंडक होता. नाही सुटल्या तर परमिट दुसऱ्याकडे जायची भीती. त्या वर्षी रस्ते उघडायला दोन दिवस राहिले होते. आठही बॅटऱ्या फळीवर ओळीनं मांडून मिस्त्री त्यांना चार्ज करत होता. इंजिन भकभक करत होतं, बॅटऱ्या बुडबुडत होत्या, शेडमध्ये तेजाबाचा वास. मडकी महिनाभर चालून फळीमागच्या मांडणीवर पाण्याच्या बारा बाटल्या तयार होत्या. नऊ वाजता मीच मोजल्या होत्या.

अकरा वाजून दहा मिनिटांनी सोनाबाई आली. डोक्यावर टोपली, टोपलीत पळसाची पानं. पानांखालून तिनं बाटल्या काढून मांडणीवर आमच्या बाटल्यांशेजारी ठेवायला सुरुवात केली.

"हे काय होय?" मिस्त्री ओरडला.

"दोन घंटे राहू दे. जमादार येऊन राह्यला. घरोघर पाह्यते."

"अन माह्या पान्याजवळ ठेवते? उचल. वास लागन माह्या पान्याले."

"बुचं घट्ट हायत."

"उचल म्हनतो ना!"

"मिस्त्री," ती हळू आवाजात म्हणाली, "मागच्या खेपेले दंडावर सुटली. आता सहा महिने आत टाकतो म्हनला तो. घरी लेक आजारी हाय. तिले कोन पाह्यन? तू?"

आम्ही मुंबई राज्यात गेल्यापासून दारूबंदी कडक झाली होती. सहा महिने ही नुसती धमकी नव्हती. मिस्त्रीनं तोंड वळवून एक बॅटरी हातात घेतली. एवढ्यात दारातून जमादार आत आला. मागं एक शिपाई. जमादाराचा गणवेश नवाकोरा, दिवाळीचा.

त्यानं आधी सोनाबाईकडे पाहिलं. ती रिकामी टोपली घेऊन फळीपाशी उकिडवी बसली होती.

"इथी काऊन बसली?"

"बाटल्या धुवाले ठेवलं मले," ती म्हणाली.

जमादारानं मांडणीकडे छडी केली आणि माझ्याकडे वळला. "बाबू, काय हाय त्यात?"

"बॅटरीचं पाणी."

"किती बाटल्या?"

"बारा," मी म्हणालो.

मी विचार केला नाही. मला आकडा विचारला आणि मी आकडा सांगितला. जमादारानं छडीच्या टोकानं एकेक बाटली मोजली. वीस.

सोनाबाईनं माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरलेलो नाही.

मिस्त्री हातातल्या बॅटरीवरून मान वर न करता म्हणाला, "बारा बाबूच्या मोजलेल्या. आठ मी आज काढल्या. त्याले सांगाचं राह्यलं."

"ह्या आठ?" जमादारानं छडी नेमकी ठेवली. त्या आठ बाटल्यांना पळसाच्या पानाचे तुकडे चिकटलेले होते. त्यानं एक उचलून मिस्त्रीसमोर धरली. "पानी हाय ना? घे घोट."

मिस्त्रीनं बूच काढलं आणि घोट घेतला. जन्मात दारूला न शिवलेली ती जीभ. त्यानं घोट तोंडात धरला. मी सवयीनं मनात मोजू लागलो. जमादार त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होता. मिस्त्रीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, डोळ्यांत पाणी आलं, पण गाल हलला नाही. विसाला त्यानं बाजूला थुंकलं.

"पास," तो म्हणाला.

"डोळ्यात पानी काऊन?"

"तेजाबाचा धूर हाय. या ना जवळ, तुमीबी घ्या वास." आणि त्यानं एका हातात बाटली ठेवून दुसऱ्या हातानं आपला सदरा ताणून दाखवला. "हे भोकं पाहा पन आधी. थेंब उडते, आज दिसत नाई. घरी बाई धुवन तव्हा दिसन."

त्याच वेळी मारकीच्या एका तोंडातून जोरात बुडबुडा फुटला. जमादार आपल्या नव्या खाकीकडे बघत थेट दारापर्यंत मागं सरकला.

"पानी हाय तर मंग भर," तो तिथून म्हणाला. "आठही. मी उभा हाय इथी."

दारूनं बॅटरीचं काय होतं ते मिस्त्रीनं मला पूर्वी एकदा सांगितलं होतं, ड्रायव्हरांच्या पोटाचा विषय निघाला तेव्हा. दारू आत गेली की तिचं आंबतं, आणि ते आंबलेलं शिशाच्या पट्ट्या पोखरतं. एका दिवसात नाही. सावकाश, आतून. म्हणजे तो काय करणार होता हे शेडमध्ये त्याला आणि मला, दोघांनाच ठाऊक होतं. एका बॅटरीला सहा तोंडं. आठ बॅटऱ्या. अठ्ठेचाळीस तोंडं.

त्यानं लंगडीपासून सुरुवात केली. एक बाटली, सहा तोंडं. मग चांदी. मग मारकी. एक थेंब बाहेर सांडला नाही. शेडमध्ये लग्नघरासारखा वास पसरला. सात झाल्या. आठवी बाटली घेऊन तो म्हातारीसमोर उभा राहिला आणि तिथं मात्र थांबला. मला वाटलं, आता हा सांगून टाकणार. सोनाबाईनं पदर तोंडाला लावला होता. आधी मला वाटलं ती हसते आहे.

"आठ म्हनलो होतो," जमादार म्हणाला.

मिस्त्रीनं म्हातारीच्या सहाही तोंडांत बाटली ओतली, बुचं लावली आणि फडक्यानं तिची पाठ पुसली.

जमादारानं दारात उभ्याउभ्या एक लांब श्वास घेतला. "मिस्त्री," तो म्हणाला, "तुमच्या बॅटऱ्यांची दिवाळी मोठी झाली यंदा." आणि निघून गेला. त्याला कळलं होतं की नव्हतं, यावर मी इतकी वर्षं विचार करतो आहे. कळलं होतं, या बाजूला माझा कौल दहात आठ.

तो गेल्यावर मी म्हणालो, सगळं ओतून टाकू, धुऊन नवं तेजाब भरू.

"कुठून? तेजाब नागपूरवरून येते. तीन आठवडे. गाड्या परवा सोडाच्या हायत."

तरी तो शेठकडे गेला आणि रस्ते उघडल्यावर गाड्या महिनाभर उशिरा सोडा म्हणाला. कारण सांगितलं नाही. शेठनी परमिटाचं नाव घेतलं आणि त्याला हाकलून दिलं. मी जाऊन कारण सांगू का, असं विचारलं, तर मिस्त्री भडकला. "शेठ अन जमादार एका ताटात जेवते. तू आज एक आकडा सांगितला, तेवढा पुरे झाला."

रस्ते उघडले त्या दिवशी सातही गाड्या एका सेल्फमध्ये सुटल्या. शेठनी नारळ फोडला. मिस्त्री प्रत्येक गाडीच्या मागं थोडा चालत गेला आणि परत आला. तीन दिवस त्याची जीभ चुकत होती. विहिरीच्या पाण्याला नदीचं म्हणाला. चौथ्या दिवशी ती ठिकाणावर आली. बॅटऱ्या आल्या नाहीत.

पहिली गेली लंगडी, अडतिसाव्या दिवशी. मग दर दहा-बारा दिवसांनी एक. जादाची बॅटरी कुठं कुठं पुरणार? हँडल मारून गाड्या सुरू करायची वेळ आली, आणि हँडलनं दाद दिली नाही की उतारू उतरून ढकलायचे. त्या थंडीत आमच्या गाडीतून नाटकाची मंडळी जात असे. आरमोरीच्या बाजारात भर दुपारी एक राजा, एक प्रधान आणि पातळ नेसलेली, मिशीवाली एक राणी आमची चार नंबरची गाडी ढकलत असलेली मी पाहिली. राणीचा जोर सगळ्यांत जास्त होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सोबत आलेला मिस्त्री गाडीकडे पाठ करून उभा होता.

होळीपर्यंत सात गेल्या. म्हातारी आणखी एकोणीस दिवस चालली.

शेठनी नागपूरहून एक बॅटरीवाला बोलावला. त्यानं चांदी उघडली. पट्ट्या भिजलेल्या बिस्किटासारख्या बोटांत आल्या. "यात काय घातलं होतं?" त्यानं विचारलं. शेठनी मिस्त्रीकडे पाहिलं. ड्रायव्हर जमले होते, ज्यांनी कान धरले होते तेही. मी माझ्या खुर्चीशी उभा होतो आणि माझ्या तोंडात पुन्हा आकडा आला होता. आठ बाटल्या. मिस्त्रीनं माझ्याकडे एकदाच पाहिलं.

"पानी मी गाळलं होतं," तो शेठना म्हणाला. "खराब निघालं. माही चूक."

"पाण्यानं आठ बॅटऱ्या मारल्या तू?"

"हो."

मी बोललो नाही. पहिल्यांदा आकडा सांगितला ती चूक होती. दुसऱ्यांदा गिळला, तीही चूकच असेल. मला अजून ठरवता आलेलं नाही. शेठनी त्याला त्याच दिवशी काढून टाकलं. ज्याला म्हशींना पाणी पाजता येत नाही तो मिस्त्री कसला, असं एक ड्रायव्हर म्हणाला आणि बाकीचे हसले. वडशाच्या आसपास मग त्याला कुणी बॅटरीला हात लावू देईना. तो गोंदियाकडे जायला निघाला.

मी स्टेशनवर पोचवायला गेलो. गाडीची वेळ दोन वाजून दहा मिनिटांची, पण ती येईना. सामान म्हणजे एक पोतं. त्यात हत्यारं आणि तीन सदरे. अडीचला फलाटावर सोनाबाई आली. डोक्यावर टोपली, टोपलीत पळसाची पानं.

"काय आणलं?" मिस्त्री एकदम मागं सरला. "दारू मी नेत नाई."

"दारू नोहोय." तिनं टोपली उतरवली आणि पानं बाजूला केली. माझ्याच बाटल्या होत्या. "पानी हाय. माह्या मडक्यातून काढलं. लाकडं जाळून पानीचं पानी करून राह्यली म्हनून सारी वस्ती हासली मले." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मोजून घे, बाबू. नाईतर बारा म्हनशीन."

मी मोजल्या. आठ होत्या.

मिस्त्रीनं एक बाटली उचलली, बूच काढलं आणि घोट घेतला. तोंडात धरला. डोळे मिटले. मी मोजायला लागलो.

"पास का?" सोनाबाईनं विचारलं.

वीस झाले. पंचवीस झाले. तो थुंकायला फलाटाच्या कडेला गेला नाही. त्यानं घोट गिळला.

"मोहाचा वास येते," तो म्हणाला. "मडकं जुनं वापरलं तू. हे बॅटरीत चालत नाई."

"मंग दे फेकून."

त्यानं बूच घट्ट बसवलं. पोतं सोडलं, तिन्ही सदरे बाहेर काढले आणि त्यांत गुंडाळून बाटल्या एकेक करून आत ठेवल्या. गाडी दोन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी सुटली. पोत्यात आठ बाटल्या होत्या. सात भरलेल्या, आणि एक, एका घोटानं कमी.